किहान्सीचा बेडूक ‘वाचला’, असं म्हणण्याआधी

टांझानियातल्या किहान्सी स्प्रे टोडची गोष्ट समाजमाध्यमांवर मोठ्या कौतुकाने फिरवली जाते. मजकूर साधारण असा: ‘धरणामुळे एक इवलासा बेडूक जंगलातून संपला. पण शास्त्रज्ञांनी वेळीच काही बेडूक अमेरिकेला नेले, तिथे वाढवले आणि परत आणून सोडले. वीजही मिळाली, बेडूकही वाचला!’

यातला विमानप्रवास खरा आहे. बाकीची वाक्यं जरा तपासून घ्यायला हवीत.

‘धरणामुळे संपला.’ हे अर्धंच झालं. उडझुंग्वा डोंगरात किहान्सी नदी एका खोल घळीत कोसळते. धबधब्याच्या तुषारांनी बारा महिने चिंब असलेला घळीतला जेमतेम दोन हेक्टरचा पाणथळ पट्टा, एवढंच या बेडकाचं जग. पिवळसर रंगाचा, दोन-अडीच सेंटीमीटरचा जीव. याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, थेट पिल्लंच जन्माला घालते. 180 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला तेव्हा नदीचं सुमारे 90 टक्के पाणी बोगद्यात गेलं आणि तुषार थांबले. मग घळीत नळ टाकून कृत्रिम फवारे बसवले. 2003 च्या जूनपर्यंत तिथे पुन्हा हजारो बेडूक मोजले गेले होते. त्यानंतर काही महिन्यांतच सगळं कोसळलं आणि 2004 च्या सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मेलेल्या बेडकांत कायट्रिड बुरशी सापडली. ही बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते, आणि बेडूक पाणी घेतो तो कातडीतूनच. त्याच सुमारास धरणातला गाळही खाली सोडला गेला होता. नेमका घाव कोणाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला बुरशीचं पारडं जड वाटतं. पण आधीच नळाच्या पाण्यावर जगणारी वस्ती रोगाला किती तोंड देणार, हा प्रश्न धरणापाशीच येऊन थांबतो.

‘वेळीच.’ या एका शब्दावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. प्रकल्प मंजूर झाला, जागतिक बँकेसह परदेशी कर्जं ठरली, काम सुरू झालं, आणि 1996 मध्ये हा बेडूक विज्ञानाला प्रथम सापडला. पर्यावरणाचा अहवाल त्याआधीच झाला होता. त्यात तुषारांच्या या पट्ट्यात कोण राहतं हे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसण्यातला प्रकार. पाहणी पाच वर्षं आधी झाली असती तर घळीत किती पाणी सोडायचं हे आराखड्यातच ठरवता आलं असतं. नंतर ते टांझानिया सरकार, बँक आणि शास्त्रज्ञ यांच्यातल्या घासाघिशीतून ठरलं.

हे दूरच्या देशाचं दुखणं समजू नका. सिंधुदुर्गातलं आंबोली म्हणजे पावसाळ्यात गाड्यांची रांग लागणारं ठिकाण. तिथल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत प्रजनन करणाऱ्या आंबोली टोडला विज्ञानाने स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं ते 2009 मध्ये. इतक्या वर्दळीच्या जागी ही गत, तर ज्या सड्यांवर कोणी पावसाळ्यात फिरकलेलंच नाही त्यांच्या कागदावर ‘पडीक’ लिहिताना हात थरथरायला हवा.

‘तिथे वाढवले.’ 2000 च्या अखेरीस 499 बेडूक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेले, तिथून काही इतरत्र वाटले गेले. बहुतेक ठिकाणी ते मेले. खाणं कसलं द्यायचं, प्रकाश किती हवा, परोपजीवींचं काय करायचं, हे बेडूक मरत असतानाच शिकावं लागलं. एका टप्प्यावर जगात मिळून शंभरसुद्धा उरले नव्हते. ब्राँक्स आणि ओहायोतलं टोलेडो इथल्या लोकांनी ते खेचून आणले आणि हजारोंच्या घरात नेले. त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं. पण ती रीत म्हणून शिकवू नये. त्या शंभरांत एखादी साथ शिरली असती तर हा मजकूर लिहायला कोणी बसलंच नसतं.

‘परत आणून सोडले.’ हो. 2010 मध्ये पहिले शंभर दार-एस-सलामच्या विद्यापीठात आले आणि 2012 मध्ये दोन-अडीच हजार घळीत सोडले गेले. जंगलातून नामशेष झालेला उभयचर पुन्हा त्याच जागी सोडण्याची ही जगातली पहिलीच वेळ मानली जाते. मात्र सोडणं वेगळं आणि वस्ती टिकणं वेगळं. 2009 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या बेडकाला ‘नैसर्गिक अधिवासातून नामशेष’ ठरवलं होतं. बेडूक सोडल्यानंतरच्या फेरतपासणीतही तो शेरा बदलला नाही, कारण त्यासाठी सोडलेल्यांची पिढी तिथे स्वतःच्या बळावर वाढताना दिसावी लागते.

आता राहिलं ‘वीजही, बेडूकही’. वीज मिळते आहे, त्यात दुमत नाही. टांझानियाला ती हवी होती आणि तिचा हिशेब चेष्टेने घ्यायचं कारण नाही. फक्त त्याच हिशेबात घळीतले नळही धरा. ते तुंबतात, त्यांच्या तोट्या बदलाव्या लागतात, त्यासाठी माणूस आणि पैसा लागतो, आणि हा खर्च धरण चालू आहे तोवर दरवर्षी करावा लागणार आहे.