क्रोशाचा वर्ग आणि घरबसल्या कमाई

घरबसल्या ऑनलाइन वर्ग घेऊन कमाई कशी करावी, यावरचा एक लेख वाचला. एकदा कोर्स रेकॉर्ड करून ठेवला की पैसे आपोआप येत राहतात, हे त्यातलं वाक्य वाचून हसू आलं. मी क्रोशाचे ऑनलाइन वर्ग घेते. नवशिकीचा चौकोनी रुमाल चार-पाच ओळींनंतर हमखास त्रिकोणी व्हायला लागतो, कारण ओळीतला शेवटचा खांब, म्हणजे टाका, सुटलेला असतो. व्हिडिओ कितीदा बघितला तरी तो तिला सापडत नाही. तिने विणकाम कॅमेऱ्यासमोर धरलं की मला लगेच दिसतो. लोक पैसे देतात ते यासाठी. साखळी आणि मुका खांब हे सुरुवातीचे टाके यूट्यूबवर फुकट आहेतच की!

शिकवताना मोबाइल उंचावर, हातांवर रोखून लावा, हा लेखातला सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. त्यात माझी भर: पहिल्या वर्गाला काळी लोकर नको, टाके दिसत नाहीत. फिकट रंगाची लोकर आणि ४ मिमीची सुई सांगा. डावखुऱ्यांना व्हिडिओ मिरर करून द्या, त्या बिचाऱ्या उगाच मागे पडतात. आणि फी आधी घ्या. ओळखीतल्यांकडून तर नक्कीच, "आपल्यात कसले गं पैसे" सुरू व्हायच्या आत.