गोड बंद करण्याआधी ते कशाचं आहे ते पाहा

एका लेखात 'गरोदरपणात गोड पूर्ण बंद' असा सल्ला वाचला, तो मला पटला नाही. मधुमेह नसलेल्या बाईने जेवणानंतर थोडं गोड खाल्लं म्हणून बाळाला अपाय होत नाही. तिला मात्र उगाच अपराधी वाटत राहतं. प्रमाण हवंच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. त्यात मध आणि फळांचा रसही धरतात, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही.

खरी काळजी वेगळीच आहे आणि त्या लेखात तिचा उल्लेखही नाही. पाश्चराइज न केलेल्या (म्हणजे जिवाणू मरतील इतपत तापवून न घेतलेल्या) दुधाच्या पदार्थांत लिस्टेरिया हा जिवाणू असू शकतो. तो फ्रिजमध्येही वाढतो. आईला कधी नुसती कणकण येते, पण गर्भपात किंवा अकाली प्रसूतीही होऊ शकते. म्हणून दूध कोणतं वापरलंय हे विचारायला लाजू नका. कच्चं अंडं घातलेलं मूस (फेसाळ, गार गोड पदार्थ) टाळा, केकचं न भाजलेलं मिश्रणही चाटू नका (कच्च्या पिठातही जिवाणू असू शकतात!). चॉकलेट चालतं, फक्त चहा-कॉफी धरून दिवसाचं कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत राहू द्या.

आणि 24 ते 28 आठवड्यांदरम्यानची साखरेची तपासणी कृपया चुकवू नका. गरोदरपणातल्या मधुमेहात बहुतेकदा काहीच जाणवत नाही. तो निघालाच तर गोड किती आणि केव्हा खायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, शेजारपाजारच्या सल्ल्यावरून नको.