शेपटी सोडू नका, काका

आमच्याच बिल्डिंगच्या गेटवर गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेल्या एका पोराने काल संध्याकाळी मला विचारलं, "काका, कुठे जायचंय?" हातात भाजीची पिशवी, अंगावर लोकलचा घाम. कुठे जाणार? "घरी," म्हटलं. "शॉट चालू आहे, दहा मिनिटं थांबा."

सेक्रेटरींनी पंपरूम एका सिनेमावाल्यांना भाड्याने दिली होती. नोटीस लावली होती म्हणे. पण ती लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट युनिटच्या ताब्यात. सिनेमा असा: एक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत माणूस आणि पाल यांचा संकर करतो, मग तो प्राणी त्यालाच खातो. गोरेगावच्या चित्रनगरीत प्रयोगशाळा उभी करायची तर पैसे मोजावे लागतात. परळच्या पंपरूममध्ये पाइप, मीटर आणि भिंतीची ओल आयती मिळते. १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफॅडन या गृहस्थाने ठिणग्या उडवणारी यंत्रं बनवली होती, आणि ती थेट १९७४ च्या एका विडंबनपटातही पुन्हा वापरली गेली. आमच्या आर्टदादाने ते काम आमच्या मिक्सरवर भागवलं. "वहिनी, पाच मिनिटं द्या ना," म्हणून तो घेऊन गेला. लो बजेट म्हणजे खर्च कमी नव्हे. खर्च होतोच, फक्त दुसऱ्याचा होतो. वीज कॉमन मीटरची, पंप बंद म्हणून नळ कोरडे, मिक्सर आमचा.

शेवटी मी जिन्याने निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर राक्षस उभा होता. शेपटीमुळे त्याला बसता येत नव्हतं. नाकपुडीतून स्ट्रॉ घालून तो चहा पीत होता आणि समोर खुर्ची टाकून दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बसल्या होत्या. बाईंनी आयुष्यभर म्युनिसिपल शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या, पण तोंडी परीक्षा घ्यायची सवय सुटलेली नाही.

"हात दाखव," बाई म्हणाल्या. राक्षसाने दाखवला. हिरवं रबर, अंगठ्याच्या शिवणीतून पिवळा फोम बाहेर आलेला.

"चारच बोटं? पालीला पाच असतात."

"पाचव्याचं बजेट नव्हतं, बाई."

"भिंतीवर चढतोस का?"

"क्लायमॅक्सला. हातातून चिकट द्रव येतो."

"साफ चूक! पालीच्या पायाला डिंक नसतो. तळव्यावर लाखो सूक्ष्म केस असतात, ते भिंतीच्या रेणूंना धरतात. व्हॅन डर वाल्स बल. लिहून घे."

राक्षसाने खरोखर खिसा चाचपला. त्याला खिसा नव्हता.

"आणि केंब्रिजवाल्यांनी २०१६ साली हिशोब मांडलाय. माणसाला पालीसारखं चढायचं तर अंगाचा ४० टक्के पृष्ठभाग चिकट हवा. तुझे नुसते तळवे. पडशील तू."

"विमा पण नाहीये, बाई," राक्षस आतून हळूच म्हणाला.

पोरगा नालासोपाऱ्याचा, बी.कॉम. झालेला. सकाळपासून त्या रबरात. पैसे सिनेमा विकला गेल्यावर. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये १९८४ साली ज्याने आमची झोप उडवली, तो सामरी नावाचा राक्षस झालेला नट रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर होता. राक्षस व्हायला तेव्हा पदवी लागायची. आता ती असूनही चहा नाकातूनच प्यावा लागतो.

"पार्ट टूमध्ये मी साठ फुटांचा होणार आहे," तो जरा उमेदीने म्हणाला.

"होऊच शकत नाहीस! हाल्डेन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय. उंची दहापट केली की वजन हजारपट होतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. पहिल्याच पावलाला मांडी मोडेल."

तेवढ्यात वरून हाक आली, "राक्षस, चौथ्यावर या!" त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "काका, जरा शेपटी धराल? पायरीला घासून फाटली तर माझ्याकडून कापून घेतील." नाही कसं म्हणणार? एका हातात मेथी, दुसऱ्या हातात शेपटी, अशी मिरवणूक निघाली. वजनाने ती चांगलीच होती आणि तिला पावसात भिजलेल्या रेनकोटाचा वास येत होता. मागून बाई मणक्यांबद्दल सांगत होत्या. वॉकीटॉकीवाला ओरडत होता, "शेपटी सोडू नका, काका!"

चौथ्यावर माझंच दार, आणि माझ्याच दारात लाइट लावलेला. दिग्दर्शक म्हणाला, "काका, फ्रेम सोडा." मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि कॅमेरादादाला म्हणाला, "थांब. घाबरलेला कॉमन मॅन हाच. मेकअप पण नको." आतून बायको खो खो हसली. परवानगी वगैरे कुणी विचारली नाही. मेंटेनन्स मात्र मी पाच तारखेच्या आत भरतो.

मिक्सर रात्री परत आला. भांडं हिरवंगार. चटणी केली असेल, असं बायकोचं मत. चटणीला इतका फेस येत नाही.

बाईंचं नाव आता 'वैज्ञानिक सल्लागार' म्हणून पडद्यावर येणार आहे. राक्षसाला पाचवं बोटही मिळणार आहे. शेपटी धरणाऱ्याचं नाव कुठे येतं, असं मी वॉकीटॉकीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ते बघू नंतर. काका, तुम्ही इथलेच ना? पंपाचं बटण आमच्याकडून तुटलंय, कुणाला सांगायचं?"