राखेने पाप धुतले जाते, असे चर्च शिकवत नाही

राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवसाच्या (अ‍ॅश वेनस्डे) सुमारास एक संदेश मोबाइलवरून फिरतो. ख्रिस्ती माणूस कार्निव्हलमध्ये हवी तशी मौज करतो आणि बुधवारी कपाळाला राख लावून पापमुक्त होतो, त्या दिवशी कॅथलिकांना निर्जळी उपास सक्तीचा असतो, आणि या राखेला बायबलचा काहीही आधार नाही, असे त्यात म्हटलेले असते.

यातले पापमुक्तीचे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते या दिवसाचा अर्थच उलटा करते. कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांत राखेची गणना होत नाही; पापक्षमेसाठी पापनिवेदनाचा (धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याचा) वेगळा संस्कार आहे आणि त्यातही खरा पश्चात्ताप व पाप पुन्हा न करण्याचा निश्चय आवश्यक असतो. राख लावताना धर्मगुरू एकतर ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील’ याची आठवण देतात, किंवा पश्चात्ताप करून सुवार्तेवर विश्वास ठेवण्यास सांगतात. क्षमा झाल्याचे आश्वासन यांपैकी कशातच नाही. ही राखही आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या स्मरणार्थ) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते, म्हणजे ज्या झावळ्या हाती धरून जयजयकार केला, त्यांचीच राख माथी येते. माझ्या मते या विधीतला सर्वांत बोलका भाग हाच आहे. या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळता, 40 दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. गोव्यातला कार्निव्हल हा त्याआधीचा लोकोत्सव असून तो उपासनेचा भाग नाही.

उपास निर्जळीही नसतो. 18 ते 59 वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी एक पूर्ण आणि दोन अल्प जेवणे घ्यावीत, आणि 14 वर्षांपासून पुढच्यांनी मांस वर्ज्य करावे, एवढाच नियम आहे.

राखेचा बुधवार पाळण्याची आज्ञा बायबलमध्ये नाही, हे मान्यच केले पाहिजे. सर्वांनी राख घ्यावी असे इटलीतील बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेने 1091 साली ठरवले. परंतु पश्चात्तापाची खूण म्हणून राख बायबलमध्ये ठळकपणे येते: योना या संदेष्ट्याचा इशारा ऐकून निनवे नगरीचा राजा राखेत बसला, संकटे सोसणाऱ्या ईयोबाने धूळराखेत बसून पश्चात्ताप केला. उपास लोकांना दिसू नये म्हणून तोंड धुवा, हे येशूचे वचन राखेच्या विरोधात पुढे केले जाते आणि हा आक्षेप गंभीर आहे. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला तोच उतारा चर्च त्या दिवशीच्या मिस्सात (मुख्य उपासनाविधीत) स्वतः वाचते, आणि राख दिवसभर कपाळावर ठेवलीच पाहिजे अशी सक्ती करत नाही.