स्कॉलरशिप आणि पाचवीचा निकाल : खुलासा

कोथरूड-कर्वेनगरच्या पालक ग्रुपांवर मेसेज फिरतोय की स्कॉलरशिपमध्ये पास नाही झालं तर मूल परत पाचवीतच बसणार. हे चुकीचं आहे. स्कॉलरशिप परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, ती ऐच्छिक आहे, 150-150 मार्कांचे दोन पेपर, आणि शाळेच्या निकालाशी तिचा काही संबंध नाही, आमच्या मुख्याध्यापक मॅडमना विचारलं तर त्याही हेच म्हणाल्या. परत बसवायचा नियम वार्षिक परीक्षेचा, 2019 च्या आरटीई (शिक्षण हक्क कायदा) दुरुस्तीतून आलेला, आणि त्यातही निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते. शाळेतून तर आठवीपर्यंत काढताच येत नाही. पोरं घाबरतात हो असल्या मेसेजने! प्लीज फॉरवर्ड करू नका, केला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.