दया, दरवाजा!

माझं नाव दया. आजीने हौसेने ठेवलं तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता, त्यामुळे तिला बोल लावता येत नाही. पुढे 1998 साली सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली आणि प्रत्येक अडकलेलं दार माझ्या खात्यावर जमा होऊ लागलं.

त्यात राहायला डोंबिवली. पावसाळ्यात गच्चीचं दार असं फुगतं की कडी निघाली तरी ते चौकट सोडत नाही. मग जिन्यातून कोणीतरी मालिकेतल्या दयाचे साहेब, एसीपी प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटमांसारखी बोटं हवेत फिरवत म्हणतंच, “दया, दरवाजा तोड दो!” म्हणणाऱ्याला वाटतं, हे जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलंय. मी हसायचं, नाहीतर “काकूंना विनोदच कळत नाही.” पडद्यावरचा दया म्हणजे दयानंद शेट्टी, धिप्पाड गडी. मला वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायलाही स्टूल लागतं.

2014 मध्ये ‘सिंघम रिटर्न्स’मध्येही शेट्टींच्या दयाला दार तोडायला लावलं. थिएटरात आमची अख्खी रांग पडदा सोडून माझ्याकडे बघत होती.

बरं, पाहणाऱ्यांनी बोलावं, समजू शकते. पण शेजारच्या चिन्मयने एकही भाग पाहिलेला नाही. त्याचं ‘सीआयडी’ व्हॉट्सॲपच्या स्टिकरात सुरू होतं आणि तिथेच संपतं. सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदारांनी हिशेब टाकला की मिनिटभरात ‘कुछ तो गडबड है’ हजर! (हे मात्र दरवेळी अगदीच चुकीचं नसतं.)

2018 मध्ये मालिका थांबली, तरी सुटका नाही. तोवर ‘तारक मेहता’मधली दयाबेन माझ्या मानगुटीवर बसलेली होतीच. नवरात्रात मला फेर धरायला ओढतात आणि “हे माँ, माताजी” म्हणायला लावतात. दिशा वाकाणी 2017 पासून मालिकेत दिसत नाहीत, तर “दयाबेन कधी परत येणार?” हेही मलाच विचारायचं!

‘सीआयडी’ 2024 च्या डिसेंबरात परतली. एप्रिलमध्ये कथेत एसीपी प्रद्युम्न मारले गेले, तेव्हा भाजीवाल्या मावशी कोथिंबीर देताना हळहळल्या, “वाईट झालं हो तुमच्या साहेबांचं.” पुढे साहेब जिवंत परत आले. त्याचे पेढे मात्र कोणी दिले नाहीत.

या सगळ्यात पहिला नंबर आमच्या ह्यांचा. लग्नातल्या उखाण्याचा अपवाद सोडला तर माझ्या नावापुढे दरवाजा न जोडता त्यांनी हाक मारल्याचं आठवत नाही. परवा न्हाणीघराची कडी बाहेरून ढिली झाली, आतून अडकली आणि हे आत.

“दया...”

“पुढचा शब्द काढलात तर सुताराला फोन करणार नाही.”

बराच वेळ नुसता नळ ठिबकला. मग आतून बारीक आवाज आला, “कुछ तो गडबड है.”

मी आधी चहा टाकला.