वसलंय कोण तिथं?

वावरात प्लॉट पाडायला चुन्याच्या चार रेघा ओढल्या, सिमेंटचे खुंटे ठोकले, की लगेच फलक लागतो: ‘भव्य वसाहत’! अरे, वसलंय कोण तिथं? ‘वस्’ म्हणजे राहणं. त्यातूनच वस्ती, निवास, वसाहत. माणूस राहायला आला, चूल पेटली, की मग वसाहत! इथं तर मागच्या हंगामातली कपाशीची पऱ्हाटी अजून उभी आहे, बोंडाची वाळकी टरफलंसुद्धा गळली नाहीत.

आणि ‘कॉलनी’? तिचं मूळ लॅटिनमधलं ‘कोलेरे’, म्हणजे जमीन कसणं. कसणाऱ्यालाच धुऱ्याबाहेर काढायचं आणि त्याच्या वावराला कॉलनी म्हणायचं? धरणात गाव गेलेल्यांना माळावर नेऊन टाकलं, नळ कोरडे, निम्म्या घरांना कुलूप, तरी कागदावर ‘वसाहत’च! रेघाच मारल्या ना? मग सरळ ‘ले-आऊट’ म्हणा. आम्ही तेच म्हणतो.